कपातीच्या यादीतली नववी

सत्यशीलाबाईला कामावरून कमी केल्याचं पत्र मीच तिच्या हातात दिलं होतं. बहात्तर सालचा डिसेंबर होता. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कारखान्यात मी टाइमकीपर होतो आणि बदनापूरहून रोज रेल्वेनं यायचो. दोन वर्षं पाऊस झाला नव्हता. शेतांवर बियाणं पिकलंच नाही, तेव्हा निवडायचं काय आणि थैल्यांत भरायचं काय? पॅकिंग खात्यातल्या अकरा बायका एकदम कमी झाल्या. महिन्याची नोटीस, भरपाई, जे द्यायचं ते सगळं मालकानं बरोबर दिलं होतं.

सत्यशीलाबाई तेव्हा तिशीची असेल. नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा ती शाळेत होती आणि सातवीपर्यंत शिकली होती. खात्यात लेबल वाचून थैली भरणारी ती एकटीच. थैल्या शिवायच्या मशीनवर तिची शिवण सुतासारखी सरळ यायची. पत्र इंग्रजीत होतं. तिनं ते उलटसुलट पाहिलं आणि माझी काही चूक लिहिलीय का एवढंच विचारलं. काही चूक नाही, काम कमी झालंय म्हणून हे पत्र, असं मी सांगितलं. तिनं पत्राची घडी घातली आणि ती गेली. पुढचं दीड वर्ष ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती असं कानावर यायचं.

मग पाऊस झाला, शेतं पिकली आणि चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर कारखान्यात बियाण्याचे ढीग लागले. आमचे मॅनेजर रामराव यांनी मला पॅकिंगसाठी पाच बायका बघायला सांगितल्या. मी लगेच चार नावं दिली. पाचवं नाव माझ्या भावजयीचं, उषाबाईचं. घरात मिळवतं माणूस वाढेल याचा सगळ्यांनाच आनंद होता.

त्याच आठवड्यात सत्यशीलाबाई गेटवर आली. भरती सुरू झाल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं कामाला घ्या म्हणून विनंती केली. मी रामरावांकडे गेलो. ते म्हणाले, हिशेब चुकता करून गेलेल्या माणसाशी आपला संबंध संपला, आता कुणाला घ्यायचं ते मालक ठरवतील. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. कारखाना मालकाचा, माणसं त्याच्या मर्जीची. मी बाहेर येऊन तेच तिला सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, मी उपकार मागून न्हाई राह्यले. कायद्यात काय लिव्हलंय, तेवढं सांगा."

मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं सांगायचीही लाज वाटली. आत जाऊन मी हजेरीचं रजिस्टर उघडून बसलो.

तिच्या वस्तीत तातेराव गुरुजी राहायचे. औरंगाबादला शिकून आलेले, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक. तिनं ते जुनं पत्र त्यांच्याकडून वाचून घेतलं. गुरुजींनी कुठूनतरी कायद्याचं पुस्तक मिळवलं, तिच्या नावानं अर्ज लिहिला आणि औरंगाबादच्या कामगार अधिकाऱ्याकडे पाठवला. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. पंधरा-वीस दिवसांत आम्हाला बोलावणं आलं. नव्या बायका घेणं तोवर थांबवावं लागलं. रामराव मला सोबत घेऊन निघाले. पॅकिंग खात्याचं रजिस्टर माझ्या पिशवीत होतं.

अधिकाऱ्याच्या खोलीत बाकावर सत्यशीलाबाई, गुरुजी आणि आणखी एक बाई बसली होती. मी तिला ओळखलं. ती कांताबाई, हसनाबादची. तीही आमच्याकडेच होती, पण एकाहत्तरमध्ये सासरची शेती बघायला म्हणून राजीनामा देऊन गेली होती. सत्यशीलाबाईचं ऐकून तीही आशेनं आली होती.

अधिकारी बेताचं बोलणारे होते. रामरावांनी आपलं म्हणणं मांडलं. भरपाई दिली, पावती आहे, मग बंधन कसलं? अधिकाऱ्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं.

"मालकानं जुन्या माणसाला परत घेतलंच पाहिजे, असं कायदा सरसकट म्हणत नाही," ते म्हणाले. "स्वतः राजीनामा दिलेल्याला मालक नाही म्हणू शकतो. गैरवर्तनासाठी काढलेल्यालाही म्हणू शकतो. पण काम नव्हतं म्हणून ज्यांची कपात केली, त्यांचं वेगळं आहे. पुन्हा माणसं घ्यायची वेळ आली, की आधी त्यांना विचारायचं. ते आले तर नव्या माणसाआधी त्यांचा हक्क. भरपाई दिल्यानं तो हक्क जात नाही."

कांताबाईनं मान खाली घातली. तिचा राजीनामा तिच्याच अंगठ्याचा होता. रामरावांनी वहीत कलमाचा नंबर लिहून घेतला. ते हट्टी नव्हते, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. किती जणींना पत्रं पाठवावी लागतील, असं त्यांनी विचारलं. तेव्हा अधिकाऱ्यांनी माझ्याकडे यादी मागितली, नोकरी जिची जुनी तिचं नाव आधी अशी.

मी रजिस्टर उघडून वाचायला लागलो. पहिली चतुराबाई. मग दुसरी, तिसरी. सत्यशीलाबाईचं नाव नववं आलं.

जागा पाच होत्या. गुरुजींनी रजिस्टर जवळ ओढून तारखा पुन्हा पाहिल्या, पण तारखा बरोबर होत्या. अर्ज हिचा, हेलपाटे हिचे, आणि जागा तिच्या आधीच्या पाच जणींना जाणार होत्या. त्यांतल्या कुणी गेटपर्यंतही आल्या नव्हत्या. अधिकाऱ्यांनी तिला हे समजावून सांगितलं. पुढं जागा निघाल्या की तिचाही नंबर लागेल, म्हणाले.

सत्यशीलाबाईनं थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मंग चतुराबाईचं पत्र आधी जाऊ द्या. ती शेवलीकडं ऱ्हाती आता. तिला यातलं काईच ठावं न्हाई."

परतीच्या गाडीत आम्ही एकाच डब्यात होतो. रामरावांना डुलकी लागली होती. मला राहवलं नाही. वाईट वाटलं का, असं मी तिला विचारलं.

"वाटलं. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "पण भाऊ, आजवर मला वाटायचं, समदं मालकाच्या मनावर हाय. तसं न्हाई, हे कळलं. आता माझा नंबर हाय. नंबर आज ना उद्या येतो."

माझ्या घरी मात्र वातावरण बिघडलं. उषाबाईची जागा गेली होती. मी शब्द देऊन बसलो होतो, त्यामुळे भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी त्याला रजिस्टरमधल्या अकरा बायकांची गोष्ट सांगितली. तो ऐकून उठून गेला, पण तिसऱ्या दिवशी रोजच्यासारखा माझ्यासोबत जेवायला बसला.

पाच रजिस्टर्ड पत्रं मी स्वतः लिहिली आणि गेटवर नोटीस लावली. चार जणी आल्या. पाचवीचं पत्र परत आलं, ती कुटुंबासह नाशिकला गेली होती. तिच्या जागी सहावीला बोलावलं. चतुराबाई कामावर यायच्या आधी सत्यशीलाबाईच्या घरी जाऊन आली, असं पुढं कळलं. जाताना तिनं नव्या तुरीची डाळ नेली होती.

पंचाहत्तरच्या मार्चमध्ये पेरणीआधीची घाई सुरू झाली आणि आणखी तीन जागा निघाल्या. सातवी, आठवी, नववी. नववीच्या पत्रावर पत्ता लिहिताना मी अक्षर जरा जास्तच जपून काढलं. चौथ्या दिवशी सकाळी ती पत्र हातात घेऊनच गेटवर आली. मी तिचं हजेरीचं कार्ड तयार ठेवलं होतं. शिवायचं मशीन मधल्या काळात बदललं होतं, पण दुपारपर्यंत तिचा हात बसला.

कांताबाईसाठी सत्यशीलाबाई रामरावांना एकदा भेटली. कायदा तुमच्या आड येत नाही आणि तुम्हाला भागही पाडत नाही, मग तुम्हीच ठरवा, असं काहीतरी ती बोलली. रामराव हसले. वर्षभरानं कपातीच्या यादीतलं शेवटचं नाव लागलं, त्यानंतर त्यांनी कांताबाईला घेतलं. सोबत उषाबाईलाही.

उषाबाईला मशीनवर बसवायचं काम सत्यशीलाबाईकडे आलं. वाकडी शिवण दिसली की ती अख्खी थैली उसवायला लावायची. पहिला महिना उषाबाई रोज संध्याकाळी घरी येऊन तिची तक्रार करायची. दुसऱ्या महिन्यापासून दोघी दुपारच्या सुट्टीत एकमेकींच्या डब्यातली भाजी खायला लागल्या.