चहा देणारा मेंबर

ज्योतिबामामा आमच्या कॉलेजात शिपाई, मी तिथली सफाईवाली. लहानपणी राहू गावच्या माळावर मेंढरं राखताना लांडग्याला न भ्यालेला हा माणूस, पण संस्थेच्या अध्यक्षांची, आप्पांची, गाडी गेटात आली की शर्टाची बटणं चाचपायचा. कॉलेजचा कारभार ठरवणाऱ्या समितीवर कर्मचाऱ्यांनी मामांनाच धाडलं, कारण दुसरं कुणी उभंच राहीना. मामा बैठकीत मेंबर म्हणून बसायचे आन् मधेच उठून सगळ्यांना चहाबी द्यायचे. कुणाला त्यात वावगं वाटलं न्हाई. माझं मात्र डोकं फिरायचं.

त्या दिवशी आम्हा सफाईच्या बायांना काढून काम कंपनीला द्यायचा ठराव होता. विरोध करतो, असं मामा आम्हाला बोलले होते. मी शेजारच्या चहाच्या खोलीत कप विसळत कान देऊन होते. मतदानाची वेळ आली तसे आप्पा म्हणाले, "ज्योतिबा, चहा आण."

मामा पळतच चहाच्या खोलीत आले. तोंड पांढरंफटक, पण सुटका झाल्यासारखं. त्यांनी ट्रेला हात घातला. मी तो ओढून घेतला.

"चहा मी आणते. तुम्ही आत जावा."

"साधना, माझीबी नोकरी जाईल गं."

"व्हय, जाईल."

मामा रिकाम्या हातांनी आत गेले. मागोमाग मी ट्रे घेऊन दारात थांबले.

"विरोध कुणाचा?" आप्पांनी विचारलं.

मामांचा हात खांद्याएवढाच वर गेला. "माझा."

"ऐकू आलं न्हाई," आप्पा म्हणाले.

मामांना ते परत म्हणावं लागलं.