पोत्यावरची हजेरी

"आण्णा, पायथन हाय म्हन्लं ना! किती येळा इचारता?" म्हाळू लॅपटॉपपुढून ओरडला.

"हाय, ते कळलं. पर कितीचा हाय?" त्याचा बाप, बंकट, शांतपणे म्हणाला.

सुंदरबाई भाकरी थापता थापता नवऱ्याचं आणि लेकाचं ऐकत होती. दूध सोसायटीच्या चारा छावणीत सातशे जनावरं. त्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम म्हाळूला उद्या दहाला चालवून दाखवायचा होता. चालला तर सोसायटीतली नोकरी त्याची; नाहीतर चेअरमनचा मेव्हणा टपलेलाच. आणि प्रोग्राम दोन दिवस नुसती लाल अक्षरं दाखवत होता.

बंकटचा जन्म हातपंप दुरुस्त करण्यात गेला. एकदा ऐन उन्हाळ्यात तलवाड्याला पंप उपसून बसला आणि बघतो तर पाना एका नंबरनं मोठा. बायकांनी त्याची सायकल ओढून नेली, ती दुसऱ्या दिवशी पंपाला पाणी आल्यावरच परत दिली. तेव्हापासून कोणतंही काम असो, आधी पोतं अंथरायचं, हत्यारं मांडायची, एकेकाला हात लावून नंबर वाचायचा. पुरण वाटायच्या आधी हा माणूस पुरणयंत्राची जाळीसुद्धा तपासायचा. ते पोतं चुलीत घालायचं सुंदरबाईनं तीनदा ठरवलं होतं.

आजही पोतं अंथरलेलं. वर नुसता लॅपटॉप.

"प्रोग्रामचं पैलं पान वाच. काय काय लागतं ते लिवलं आसंल."

"पायथन, तीन पॉइंट सात. त्याच्यावरच प्रोग्राम चालतो. हाय."

"हात लाव."

"सॉफ्टवेअरला हात कसा लावनार?"

"मग त्यालाच इचार, कितीचा हाईस म्हनून."

म्हाळूनं चिडून एक ओळ टाइप केली. उत्तर आलं: दोन पॉइंट सात. कॉलेजात असताना टाकलेलं, तेच.

"याची बी सायकल न्या रे कोनी," चुलीपुढून सुंदरबाई म्हणाली.

मोबाईलच्या नेटवर नवं उतरवून घ्यायला दोन तास गेले. मग पडद्यावर गाई-म्हशींची यादी सरसर उमटली. म्हाळू नाचायचाच बाकी होता.

पोतं गुंडाळता गुंडाळता बंकट थांबला. "हे आपल्या मशीनीत झालं. सोसायटीच्या मशीनीत कितीचा हाय?"

म्हाळूचं तोंड उतरलं. "दहाला बघू की तितंच."

"दहाला चेअरमन बघंल. आपुन आधी बघायचं. पर सकाळी पान्याचा टँकर येतो, नळी कोन धरनार?"

सुंदरबाईनं हाताचं पीठ झटकलं. "नळी मी धरते. दूध घालायला सोसायटी सहाला उघडती. तुमी बापलेक सहालाच जावा. पोतं संगं न्या."