मिरचीला गुळाचा काटा

कोल्हापुरात दसरा चौकापासून उजळाईवाडीच्या विमानतळापर्यंत रेल्वे धावली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ती धावली ड्रॉइंग शीटवर, नव्वदीच्या अखेरच्या एका वर्षात, आणि ती आम्ही चौघांनी बांधली होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा आमचा तो प्रोजेक्ट. तिघांनी नकाशे आणि आकडेमोड वाटून घेतली. माझं अक्षर बरं, म्हणून रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी गडहिंग्लजची. दहावीपर्यंत मराठी शाळा. घरात वडील, म्हणजे अप्पा, सातवी शिकलेले, आई, म्हणजे अव्वा, चौथी. त्यांच्या आधी कुणी पाटी हातात धरल्याचं ऐकिवात नाही. अप्पा मार्केट यार्डात मापाडी होते. शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधे उभं राहून माल तोलायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. मी शेवटच्या वर्षाला गेले त्याच आठवड्यात त्यांनी यार्डात पुकारून टाकलं, की पोरगी इंजिनेर झाली. मापाड्यानं एकदा पुकारलेलं वजन मागं घ्यायचं नसतं. त्यामुळे मला नापास व्हायची सोयच उरली नव्हती. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा सुटली नाही तर डिग्री नाही, हे मला माहीत होतं. अप्पांना ते सांगायचा धीर मला झाला नाही.

‘लाइट रेल’ हा शब्द मला लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकात सापडला. पानभर मजकूर, त्यातला निम्मा न कळलेला, आणि एक फोटो. रस्त्याच्या मधोमध दोन डब्यांची देखणी गाडी, आणि वर विजेच्या तारा. तारा दिसल्या आणि मला अर्थ लागला. आमच्याकडे वीज येत-जात नाही, लाइट येते आणि लाइट जाते. बिल लाइटचं, खांब लाइटचा. तेव्हा लाइटवर चालते ती लाइट रेल. त्याच संध्याकाळी पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात मी इंग्रजीत तसं घोटीव अक्षरात लिहून टाकलं.

मग रस्त्यावरच्या गाड्या मोजायचं काम आलं. चौघं चार ठिकाणी उभे राहिलो, माझ्या वाट्याला शाहू नाका आला. शहरात येणाऱ्या गाड्या वेगळ्या मोजायच्या, जाणाऱ्या वेगळ्या, आणि मी एकटी. नेमके त्या सकाळी अप्पा अव्वाच्या हातच्या भाकरी घेऊन हॉस्टेलवर आले होते. यार्डाला सुट्टी होती.

“मोजायचंच हाय न्हवं?” ते म्हणाले. “मग माझा जलम कशात गेला?”

त्यांनी जाणारी बाजू घेतली. यार्डात मोजणी ‘एक’ म्हणून सुरू करत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. पहिलं माप लाभाचं. अप्पा नाक्यावर उभं राहून खणखणीत आवाजात मोजू लागले, “लाभ, दोन, तीन, चार...” वीस झाले की माझ्या वहीत रेघ, आणि पुन्हा “लाभ!”

समोरच्या थांब्यावरच्या एका रिक्षावाल्याला राहवेना. “मामा, सकाळधरनं काय मोजतायसा?”

“गाड्या.”

“कशाला?”

“आमची लेक विमानतळाला रेल्वे काढतीया.”

त्या काळात उजळाईवाडीला विमान कधी सुरू असायचं, कधी महिनोन्महिने बंद. रिक्षावाला हसून म्हणाला, “आदी विमान तर येऊ द्या की पावणं!”

“उंबरा असला की पावणा येतोय,” अप्पा म्हणाले. “चौदा, पंधरा... तू मला चुकवू नकोस, हां.”

दुपारी झाडाखाली भाकरी खाताना त्यांनी विचारलं, “लाइट रेल म्हंजे?”

“लाइटवर चालती, अप्पा.”

“आन् लाइट गेली म्हंजे?”

“मग थांबणार.”

“आपल्या पिठाच्या गिरणीगत,” ते म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडता मोडता पुढचा प्रश्न आला, “बसणार किती माणसं?”

“लई न्हाईत. मोठ्या रेल्वेएवढी तर न्हाईतच. दोन डबे बास.”

“बराबर हाय. मिरचीला गुळाचा काटा लावत न्हाईत.”

गुळाचा काटा म्हणजे जाड लोखंडी, रव्यावर रवे, म्हणजे ढेपांवर ढेपा, सोसणारा. मिरचीचं पोतं दिसायला फुगीर, पण अंगात वजन नाही. त्याला धाकटा काटा. मी हसले आणि हात धुवायला उठले. वहीत गाड्यांचे आकडे होते, हे वाक्य नव्हतं.

रिपोर्टवर काळ्या रेक्झिनची बांधणी चढली, सोनेरी अक्षरं उमटली. गाइड सरांनी नकाशे बारकाईनं तपासले होते. पहिला परिच्छेद सगळ्यांनीच ओलांडला होता.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी रिपोर्ट उघडला तो पहिल्याच पानावर. माझं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

“हे कुणी लिहिलं?”

“मी, सर.”

“मोठ्या रेल्वेचं इंजिनही विजेवर चालतं. मग तिला लाइट रेल का म्हणत नाहीत?”

गाइड सर टेबलाकडे बघत होते. बाकीचे तिघं माझ्याकडे. मला मात्र यार्डातल्या काट्याशेजारी उभे असलेले अप्पा दिसत होते.

“लाइटचा दुसरा अर्थ काय?”

“हलकं, सर.”

“बरं. मग यात हलकं काय असतं? रूळ? डबा?”

मला माहीत नव्हतं. खरोखर नव्हतं. इंग्रजी शब्द गोळा करू लागले तर एकही हाताला लागेना. आणि मग मराठीतच तोंडातून निघालं, “ओझं, सर. गाडी हलकी नव्हे, तिच्यावरचं ओझं हलकं. थोड्या माणसांसाठी केलेली गाडी. मिरचीला गुळाचा काटा लावत नाहीत, तसं.”

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “हे कुठल्या पुस्तकात वाचलं?”

“वडिलांनी सांगितलं. ते मापाडी आहेत, सर.”

ते हसले, पण मला हसले नाहीत. एवढा फरक मला कळत होता. म्हणाले, “पुस्तकातही जवळपास हेच लिहिलेलं आहे. मराठी नसेल, एवढंच.” मग चारही प्रतींतला तो परिच्छेद त्यांनी माझ्याकडून तिथंच खोडून घेतला आणि समासात नवा लिहायला लावला. त्या अर्ध्या तासात मला जे मिळालं, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

मी पास झाले. निकाल घेऊन गडहिंग्लजला गेले ती थेट यार्डात. अप्पा काट्यापाशीच होते. परीक्षेत काय काय झालं ते सांगितलं, आणि नापास झाले असते तर डिग्री हुकली असती, हेही तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं.

“म्हंजे चुकलीस तू,” ते म्हणाले, “आन् पास झालो मी?”

पोत्यांवर बसलेले हमाल असे हसले की पलीकडच्या गाळ्यातला व्यापारी उठून बघायला आला.

दोन हजार सालानंतर नोकरीनं मला एकदा परदेशी पाठवलं. तिथल्या विमानतळापासून शहराच्या मध्यापर्यंत नवी लाइट रेल सुरू झाली होती. दोन डबे, वर तारा, अगदी त्या मासिकातल्यासारखी. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यात पाय ठेवला आणि अप्पांना फोन लावला. तिकडे गडहिंग्लजला दुपार होती. अप्पा नुकते जेवून उठले होते.

“बसलीस?”

“बसले.”

“लाइट हाय न्हवं?”

“हाय, अप्पा.”

“माणसं किती हाईत डब्यात?”

“मोजू?”

“मोज की. काटा बराबर लावलाय का बघू.”

मी फोन कानाला धरून उभी राहिले आणि दारापासून सुरुवात केली. लाभ, दोन, तीन...