राणीला दिलेला घाईचा होकार

राजाचा खून करायला मी पहिल्याच वाक्याला हो म्हणालो. खरं तर मला संहितेची दोन पानं नकार द्यायचा होता. नकली दाढीच्या डिंकाचा वास आला की नाशिकमधल्या नाट्यस्पर्धेची ती संध्याकाळ अजून डोळ्यांपुढे तरंगते. नाटकात मी सेनापती, आणि सिन्नरहून एसटीने तालमीला येणारी ती, राणी व्हायला निघालेली माझी महत्त्वाकांक्षी बायको. मला खुनाच्या भरीला घालणारं तिचं लांबलचक भाषण होतं, आणि अभिनयाच्या बक्षिसाची तिची सगळी आशा त्यावरच होती. निळसर उजेडात ती सावकाश जवळ आली, बांगड्या किणकिणल्या, समोरचे प्रेक्षक जणू पाण्याखाली गेले, आणि ती कुजबुजली, "सिंहासन आज रात्री रिकामं होऊ शकतं." मी म्हणालो, "बरं, मारतो." विंगेत दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. ती मात्र हसली. "इतक्या चटकन हो म्हणणारा ऐनवेळी पळतो," असं म्हणून तिने अख्खं भाषण मला ऐकवलं आणि बक्षीसही नेलं. परवा चहा पिताना मी तिला सांगितलं, "तुझ्या आवाजाने मी खरोखर विरघळलो होतो गं." ती बशीत चहा ओतत म्हणाली, "विरघळला बिरघळला नव्हतास. तुझं पाठांतर नव्हतं."