विहीणबाईंचा सायलेन्सर

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुझी लाल गाडी एवढी शांत कशी झाली?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता क्रमाने लिहिते.

गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. महिनाअखेरपर्यंत आरटीओत ती पुन्हा पास झाली नाही, तर भंगारात जाणार होती. तुमची आई हिच्यातच गाडी शिकली, त्यामुळे भंगार हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. पण सायलेन्सरला गंजून भोकं पडली होती आणि कंपनीने त्या मॉडेलचे भाग बनवणं केव्हाच बंद केलं होतं. आमचा मिस्त्री म्हणाला, "लातूरच्या एमआयडीसीत एकजण बनवून देतो मॅडम. पण दहा नग पायजेत. अन् नमुन्याला एक धड, कंपनीचा सायलेन्सर पायजे. तो उभा कापून आतलं बघणार. कापलेला परत जोडता येत न्हाई."

मग मी त्या मॉडेलचे मालक शोधत सुटले. व्हॉट्सअॅपवर गट काढला, तक्ता केला, प्रत्येकाला क्रमांक दिला. हैदराबादच्या कॉन्व्हेंटने लावलेली ही सवय काही सुटत नाही. बिलोलीचे एक डॉक्टर आले, इस्लापूरचे एक गुरुजी आले. धर्माबादचे मिरचीचे व्यापारी आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, आवाज जरा भारी ठेवता येतो का? आपण आलो ते गावाला कळाय पायजे." मी लिहिलं, "नाही. सर्वांचा सारखा."

असे नऊ झाले. दहावी गाडी तुमच्या लातूरच्या आजीची. आमच्या पाठोपाठ वर्षभराने त्यांनीही तीच गाडी घेतली होती. त्यांनी ती इतकी जपलेली की कंपनीचा मूळ सायलेन्सर धड असलेली दहांत तेवढी एकच. मी गटावर लिहिलं, "सदस्य क्र. १० यांनी आपला सायलेन्सर नमुन्यासाठी शनिवारपर्यंत जमा करावा."

पाच मिनिटांत सदस्य क्र. १० गट सोडून गेल्या.

आजोबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "वरमायेला नोटीस धाडलीस? लग्नात तिची साडी हातात न देता टेबलावर ठेवलीस, ते ती अजून विसरली न्हाई."

ते खरं होतं. लग्नात मी आहेराच्या यादीवर खुणा करत बसले होते. फोन केला, त्यांनी उचलला नाही. महिना संपायला अठरा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी नारळ, खण आणि एक इरकल साडी घेऊन आम्ही त्याच गाडीने नांदेडहून लातूरला निघालो. लोहा मागे टाकून अहमदपूरला चहाला थांबलो, तर हॉटेलवाल्याने विचारलं, "ट्रॅक्टर कुठं लावला काका?"

गल्लीत वळलो तेव्हा लातूरची आजी फाटकात उभी होती, पदर तोंडाला लावून.

"या विहीणबाई," त्या म्हणाल्या. "लोहा सोडल्यापासून ऐकू येऊन राहिलात."

पाटावर बसवून मी त्यांची ओटी भरली. साडी या वेळी हातात दिली. मग मिस्त्रीचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तुमचा सायलेन्सर कापला जाईल, परत येणार नाही.

त्या म्हणाल्या, "साठीला आल्यावर गाडी शिकले मी. औशाजवळच्या शेतावर कवाबी जाते, कवाबी येते. त्याच्याआधी हरेकाला म्हणावं लागायचं, बाबा रे, सोडतो का मला? नवा नीट बसला न्हाई, तर मी पुन्हा तिथंच."

याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

मी म्हटलं, "पहिला नवा तुमच्या गाडीला. तो तुमच्या मनासारखा बसेपर्यंत आमची गाडी तुमच्या दारात राहील."

"हा ट्रॅक्टर?"

"हाच."

त्यांनी आमच्या गाडीकडे बघितलं. मग त्यांना हसू आवरेना. "ऱ्हाऊ द्या. हरभऱ्यात रानडुकरं लई माजलीत. ही नेली की पळतील तरी!"

आम्ही एसटीने नांदेडला परतलो. बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला. त्यांच्या गाडीला नवा बसला होता. औशापर्यंत दोन खेपा करून त्यांनी तो स्वतः तपासला होता. "गुमान चालते," त्या म्हणाल्या. "पण तुमची गाडी आणखी आठ दिवस ऱ्हाऊ द्या की. डुकरं फिरकली न्हाईत." आरटीओची तारीख सांगितली तेव्हा कुठे त्या कबूल झाल्या. आमचाही नवा सायलेन्सर त्यांनी तिथेच, समोर उभं राहून बसवून घेतला. गाडी पास झाली, तारखेच्या दोन दिवस आधी.

जुना, भोकं पडलेला सायलेन्सर मात्र त्यांनी दिला नाही. शेताच्या बांधावरच्या बाभळीला तारेने टांगला. राखणीवाला संध्याकाळी तो काठीने बडवतो, म्हणजे डुकरं नदीपलीकडे जातात.

सुट्टीत आलात की आधी लातूरला उतरा, आणि त्यांनाच आधी नमस्कार करा. त्या तुम्हाला ती बाभूळ दाखवायला नेणार आहेत. काल मला फोनवर म्हणाल्या, "तुमची नोटीस बांधावर लावलीय, विहीणबाई. माणसांपेक्षा डुकरं बरी. पहिल्या झटक्यात ऐकतात."