मोठ्या बाईंची भरलेली बाटली

मोठ्या बाई ऑफिसात पाणी पीत नसत. यवतमाळचा मे महिना, कूलर गरम हवा फेकणारा, तरी नाही. त्यांची निळी बाटली सकाळी भरलेली यायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली निघायची. जाताना त्या ते पाणी दाराजवळच्या कढीपत्त्याच्या झाडाला घालायच्या.

विद्यापीठाच्या आमच्या केंद्रात बायका दोनच. त्या परीक्षा विभागात जुन्या, म्हणून मोठ्या बाई. मी कंत्राटावर लागलेली, म्हणून लहान बाई. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाभुळगावहून रोज येऊन खुर्चीवर, पंख्याखाली बसायला मिळतं, याहून समाधान ते काय, असं मला वाटायचं. पहिल्या दिवशी मी घटाघटा पाणी प्यायले, तेव्हा फायलीतून मान वर न करता त्या म्हणाल्या, "पी पोरी, पी. मंग समजन."

दुपारी समजलं. बायकांसाठी बाथरूमच नव्हतं. पुरुषांचं होतं, पण त्याच्या दाराला कडी नव्हती. बसस्टँडवर जाऊन यायचं, तर साहेब घड्याळाकडे बघायचे. शिपाई बाईंना उंटीण म्हणायचा. त्या हसून म्हणायच्या, "उंटीण बरी बाप्पा. तिले खुल्लं रान तरी हाये."

मीही त्यांच्यासारखीच राहू लागले आणि उन्हाळ्यातच लघवीच्या जळजळीने, तापाने आडवी झाले. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणे वं डॉक्टर?"

"पाणी भरपूर प्या, म्हणाले."

या वेळी बाई हसल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मीटिंगमधी मी बोलतो. तू तोंड उघडू नको. तुही कंत्राटाची ऑर्डर दर सहा महिन्यानं निघते. मले कोण काढते? लय तं बदली करतीन."

मीटिंगमध्ये त्या सरळ बोलल्या. साहेब म्हणाले, "इतकी वर्षं चाललं, आताच काय झालं?" मग माझ्याकडे वळले. "काय लहान बाई, तुम्हाला आहे का काही त्रास?"

टेबलाखाली बाईंनी माझा पाय दाबला.

"नाही सर," मी म्हणाले.

पाय त्यांनी दाबला, हे खरं. पण तो दाबण्याआधीच माझं उत्तर तयार होतं.

बाईंची बदली झाली, पुसदकडच्या केंद्रात. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "झाडाले पाणी घालत जाय." दिवाळीपूर्वी इथे बायकांचं बाथरूम बांधून झालं. आतून कडी, वर छोटी खिडकी. माझी ऑर्डरही पुन्हा निघाली. आता मी दुपारपर्यंत बाटली संपवते. झाडासाठी वेगळी भरावी लागते.

परवा त्यांना फोन केला. चौकशी झाल्यावर धीर करून विचारलं, "बाई, तिथे आहे का?"

"कायले असन? मले सवय हाये वं." मग त्यांनी विचारलं, "तू पेतं ना पाणी?"

"हो बाई," मी म्हणाले. हे उत्तर खरं होतं. तरी ते देताना माझा घसा कोरडा पडला.