कोरडे हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि देवाला सांगायची गरजच नाही, तो त्या संध्याकाळी तिथे होता. मग तुम्हालाच का सांगतेय? ठाऊक नाही. ऐका झालं.

तसं माझं बरं चाललंय. खोटं कशाला बोलू — सुखात आहे मी. पांढुर्ण्यात घराच्या पुढच्या खोलीत व्हायोलिनचा वर्ग, गुरुवारी सौंसरला. भजनांना, लग्नांना, नागपूरच्या कार्यक्रमांना साथ करत आयुष्य गेलं, आणि मजेत गेलं. नवी पोरं मांजरं भांडल्यासारखी वाजवतात, तेही मला गोड लागतं. संत्र्यांच्या दिवसांत त्यांचे आईबाप पिशव्या भरून संत्री आणून देतात.

वर्गात एकच नियम कडक आहे. गजाच्या, म्हणजे व्हायोलिनच्या बोच्या, केसांना बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की गज तारेवरून घसरतो, मग कितीही राळ घासा, सूर धरत नाही. हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. इतकं निक्षून का सांगते — थांबा, येते तिथवर.

वैशाली रामाकोन्याची. कॉलेजातली पोर, माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. तिच्या गजात एक गोडवा होता, जो माझ्या गजात कधीच आला नाही. मला तिचा अभिमान होता. होताच हो! पण सौंसरच्या शारदोत्सवात आधी ती वाजवणार होती, मग मी. मंडपात एक ओळखीचे गृहस्थ हसत म्हणाले, "मॅडम, चेली तुमच्याहून पुढं जाऊन राहिली बरं!" मीही हसले. पोटात मात्र दुखायचं ते दुखलंच.

वैशाली चहाला गेली. तिच्या व्हायोलिनची पेटी उघडी होती. मी डोक्याला चपचपीत खोबरेल लावणारी बाई. वेणीवरून हात फिरवला — आणि तोच हात तिच्या गजाच्या केसांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चुकून? नाही. काय करतेय ते मला पुरतं कळत होतं.

ती वाजवायला बसली. गज घसरला. ती राळ घासायची, पुन्हा लावायची, पुन्हा घसरायचा. लोक खोकू लागले, मागची पोरं हसली. तिनं माझ्याकडे पाहिलं — आणखी कुणाकडे पाहणार? शेवटी अर्ध्यातच उठली. मग मी वाजवलं. छान वाजवलं. टाळ्या मिळाल्या, आणि त्या मला आवडल्याही.

"काहून असं झालं, मॅडम?" तिनं रडत विचारलं. मी तिचे तळवे हातात घेतले. ठणठणीत कोरडे. तरी म्हणाले, "तुह्या हाताले पसीना येते गं. गजाले लागला असंन." गज घरी आणला, स्पिरिटनं पुसला, परत दिला. तो पुन्हा नीट वाजू लागला, म्हणून तर तिला माझं म्हणणं पटलं. त्यानंतर ती स्टेजवर कधी बसली नाही.

तिचं लग्न पांढुर्ण्यातच झालं. भेटली की पाया पडते. यंदा लेकीला, ओवीला, घेऊन आली — "तुमच्याशिवाय कोणाकडं पाठवू, मॅडम?" ओवीचा हात अगदी आईचा. पण पेटी उघडण्याआधी ती रुमाल काढते आणि दोन्ही तळवे लाल होईस्तोवर पुसत बसते. पहिल्या दिवशी मी विचारलं, हे काहून?

"आई म्हणते, आपल्या घरात सगळ्यांच्या हाताले पसीना येते."

मी तिचा हात हातात घेतला. कोरडा होता. वैशाली दारातच उभी होती, हसत. एक वाक्य पुरलं असतं.

"बरं," मी ओवीला म्हटलं, "नीट पूस."